दिवाळीचा किल्ला व पायथ्याचे चिमुकले गाव

खरिपाची सुगी भरात आलेली असते, रब्बी ज्वारीची कोवळी रोपे शेतांत रांगेने उभी असतात आणि शाळांना सुट्टी लागलेली असते. अशा दिवसांत गावातून फेरफटका मारला असता घरोघरच्या अंगणांत एक निराळेच बांधकाम चाललेले दृष्टीस पडते. मुले दगड वाहून आणतात, माती मळतात, पोती भिजवतात आणि दोन-तीन दिवसांत अंगणाच्या कोपऱ्यात एक डोंगर उभा राहतो. त्यावर तट, बुरूज व दरवाजा दिसू लागतो. पायथ्याशी चिमुकली घरे, विहीर, देऊळ आणि शेते वसतात. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत, मुंबईच्या जुन्या वस्त्यांत आणि तिकडे बेळगावातही दिवाळीचा किल्ला ठाऊक नसलेले मूल विरळाच.

मोठी माणसे या खेळाकडे बहुधा कौतुकाने आणि क्वचित, अंगण चिखलाने भरल्यामुळे, त्रासून पाहतात. वस्तुतः हा नुसता खेळ नव्हे. उतारावरील माती जागच्या जागी कशी टिकवावी व पडलेले पाणी कसे थोपवावे, हा आपल्या कोरडवाहू शेतीपुढील मुख्य प्रश्न आहे. तोच प्रश्न अडीच फूट उंचीच्या डोंगरावर मुलांच्या पुढे उभा राहतो आणि तो सोडविल्याखेरीज त्यांचा किल्ला टिकत नाही. अलीकडे बाजारात प्लॅस्टरचे तयार किल्ले विकत मिळतात. ते दिसावयास सुबक असतात; परंतु त्यांवर बी रुजत नाही, त्यांत पाणी मुरत नाही आणि दिवाळी संपल्यावर त्यांचे खतही होत नाही. मुलांना मातीशी ओळख करून घेण्याची ही एक हक्काची संधी आहे, ती हातची जाऊ नये. यास्तव किल्ला व त्याच्या पायथ्याचे गाव कसे रचावे, याची माहिती येथे दिली आहे.

जागा व आराखडा

वसुबारसेच्या आठ-दहा दिवस आधी कामास प्रारंभ करावा. जागा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. सकाळचे ऊन मिळावे, छपराच्या पागोळ्या त्यावर पडू नयेत आणि सांडपाणी पायथ्याशी तुंबू नये. घराच्या भिंतीला माती टेकवून किल्ला कधीही रचू नये. त्यायोगे भिंतीस ओल येते व वाळवीला आयती वाट मिळते. भिंतीपासून हातभर अंतर सोडणे इष्ट. परसबागेचा कोपरा किंवा तुळशीवृंदावनाशेजारची मोकळी जागा उत्तम होय.

सहा फूट लांब व चार फूट रुंद जागा पुरेशी होते. पैकी मागील अडीच फूट पट्टा डोंगरासाठी व पुढील दीड फूट पट्टा गाव आणि शेतांसाठी राखून ठेवावा. किल्ला अडीच फुटांहून उंच करण्याचा मोह टाळावा. उंची वाढली की उतार उभा होतो आणि माती घसरू लागते.

दगड व विटा गोळा करताना सावधगिरी बाळगावी. या दिवसांत दगडांच्या ढिगाखाली विंचू व क्वचित साप असतात. दगड आधी काठीने उलथवून पाहावा आणि मगच हात लावावा. हे काम लहान मुलांवर न सोपविता घरातील जाणत्या माणसाने करावे.

काळी कोणती, पांढरी कोणती

मातीच्या निवडीत प्रस्तुत लेखकाकडून एकदा चूक झाली, ती सांगणे उपयुक्त ठरेल. घाटाच्या पूर्वेकडील एका गावच्या शाळेत मुले किल्ला करीत होती. त्यांनी माती विचारली, तेव्हा शेजारच्या शेतातील काळी माती आणण्यास सांगितले. ओली असताना ती लोण्यासारखी मळली गेली आणि तट सुरेख उभा राहिला. तिसऱ्या दिवशी मात्र तटाला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि घरांच्या भिंती एकेक करून आडव्या झाल्या. मुलांची तोंडे उतरली. तेवढ्यात नातवाला न्यावयास आलेल्या एक आजी थबकल्या आणि म्हणाल्या, “सायेब, काळी पिकाला, पांढरी घराला. आमच्या भिंती कशाच्या हायेत, ते कुणी इचारलंच न्हाई व्हय?”

कृषिशास्त्र शिकलेल्या माणसाने जे आधी सांगावयास हवे होते, ते आजींनी सांगितले. काळ्या मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात व वाळताना आक्रसतात. म्हणूनच उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात. ओल धरून ठेवण्याचा हा गुण रब्बी पिकाला तारक, परंतु भिंतीला मारक होय. आपल्या पूर्वजांनी शेतजमिनीला ‘काळी’ व गावठाणाला ‘पांढरी’ म्हटले, त्यामागे हाच अनुभव असला पाहिजे. पांढरी माती कमी फुगते, म्हणून देशावरील घरांच्या भिंती व धाबी तिचीच असत.

किल्ल्यासाठी तांबडी, मुरमाड किंवा पांढरी माती घ्यावी. ती न मिळाल्यास ओढ्याच्या गाळात तितकीच बारीक वाळू मिसळावी. चार घमेली मातीत एक घमेले शेण व दोन ओंजळी गव्हाचा भुस्सा किंवा भाताचे तूस घालून मिश्रण मळावे व रात्रभर झाकून ठेवावे. भुश्शाचे धागे मातीला धरून ठेवतात आणि भेगा पडू देत नाहीत. अशी दहा-बारा घमेली माती पुरते.

येथे दोन सूचना अवश्य पाळाव्यात. शेतातील वरच्या थराची माती किल्ल्यासाठी उकरू नये. तो थर तयार होण्यास निसर्गाला शेकडो वर्षे लागलेली असतात. तसेच पांढरी माती मिळते म्हणून जुन्या गढीच्या भिंती खणू नयेत. त्या अचानक ढासळतात. शिवाय तो आपल्या गावाचा ठेवा आहे. पडलेल्या मातीच्या घराचे ढिगारे बहुतेक गावांत असतात, तेथील माती मालकाला विचारून घ्यावी.

गडाची उभारणी

आत दगड व विटा रचून डोंगराचा सांगाडा करावा. त्यामुळे माती थोडी लागते व ओझ्याने किल्ला खचत नाही. सांगाड्यावर जुने गोणपाट मातीच्या पातळ राड्यात बुडवून पसरावे आणि त्यावर दोन इंच जाडीचा मळलेल्या मातीचा थर द्यावा. गोणपाटाच्या विणीत माती पकडून राहते. प्लॅस्टिकचे पोते वापरू नये. त्यावरून ओली माती सरळ खाली घसरते.

उतार सलग ठेवू नये. दर सहा इंच उंचीवर चार इंच रुंदीची सपाट पायरी काढावी व तिचा कल किंचित आतल्या बाजूला ठेवावा. कोकणात भातासाठी डोंगरउतारावर ज्या मजग्या काढतात, त्यांचीच ही लहान प्रतिकृती होय. पायरीच्या कडेला खडे दाबून बसविल्यास बांध तयार होतो.

किल्ला कोणत्या गडाचा आहे, हे ठरवून काम केल्यास मुलांना अधिक गोडी लागते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांपैकी साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे ११ महाराष्ट्रात असून बारावा जिंजी तमिळनाडूत आहे. राजगडाच्या तीन माच्या, लोहगडाचा विंचूकाटा किंवा सिंधुदुर्गाचा सर्पाकार तट अशी एखादी ठळक खूण साधली तरी गड ओळखू येतो.

मुले तोफा, बुरूज व मावळे विसरत नाहीत, परंतु पाणी हमखास विसरतात. गड मात्र पाण्यावर जगत असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गड बांधण्यापूर्वी पाण्याची सोय पाहण्यास सांगितले आहे आणि केवळ एका झऱ्यावर विसंबून राहू नये असाही इशारा दिला आहे. रायगडावरील गंगासागर, राजगडावरील पद्मावती तलाव, शिवनेरीवरील गंगा-जमुना टाकी आणि चहूकडे समुद्र असतानाही सिंधुदुर्गात गोड्या पाण्याच्या असलेल्या दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरी हेच सांगतात. पन्हाळ्यावरील अंबारखान्याची प्रचंड धान्यकोठारेही मुलांना अवश्य दाखवावीत. पाणी व धान्य यांची तरतूद असेल तरच गड लढतो. म्हणून माथ्यावर एक-दोन पणत्या मातीत बुडवून टाकी करावीत आणि माथ्यावरचे पाणी त्यांत येईल असे बारीक चर काढावेत.

पायथ्याचे गाव

गडापेक्षाही अधिक कसब घरे बांधण्यात लागते. पहिला नियम प्रमाणाचा. पुष्कळ किल्ल्यांत मावळा घराहून उंच दिसतो व सगळी शोभा जाते. मावळा दोन इंचांचा असेल तर घराचा दरवाजा सव्वादोन इंच, भिंत तीन इंच आणि घराचा पाया सहा इंच लांब व चार इंच रुंद ठेवावा.

भिंतीसाठी चिमुकल्या विटा पाडाव्यात. काडेपेटीचे आतले खोके हा उत्तम साचा होय. खोक्यात आधी चिमूटभर राख भुरभुरावी, मळलेली माती दाबून भरावी व अलगद उलटावे. विटा दोन दिवस सावलीत वाळवाव्यात. उन्हात घाईने वाळविल्यास त्या तडकतात. पातळ चिखलाने विटांचे थर एकावर एक रचताना सांध्यावर सांधा येऊ देऊ नये. दारावर व खिडकीवर काडी आडवी ठेवून तिच्यावर पुढील थर चढवावा. भिंत सुकल्यावर शेण व मातीचा हात फिरवावा. वर चुना व खाली गेरूचा पट्टा दिला म्हणजे घर खऱ्यासारखे दिसते. चुना मुलांच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून ते काम मोठ्यांनी करावे.

छप्पर कोणत्या मुलखाचे आहे, हे मुलांना विचारावे. कोकणातील घराला उभ्या उताराचे छप्पर करावे. तेथे पाऊस फार, म्हणून पाणी झटपट ओघळून गेले पाहिजे. आढ्यासाठी एक सरळ काडी घ्यावी, वाशांसाठी तुराट्यांचे तुकडे वाखाने बांधावेत आणि वर वाळलेले गवत किंवा उसाचे पाचट खालून वर या क्रमाने बसवावे. वरचा थर खालच्या थरावर आला तरच पाणी आत शिरत नाही. उलट पर्जन्यछायेच्या प्रदेशातील घराला सपाट धाबे घालावे. भिंतींवर काड्या जवळजवळ आडव्या ठेवाव्यात, त्यांवर गवताचा पातळ थर व त्यावर बोटभर पांढरी माती दाबून बसवावी. धाब्याला एका बाजूस किंचित उतार देऊन बोरूच्या तुकड्याचे पन्हाळे लावावे. दोन्ही घरे शेजारी मांडली की हवामानाप्रमाणे घर कसे बदलते, हे पुस्तकाशिवाय समजते.

घरांबरोबर शेतीचा संसारही मांडावा. नारळाच्या करवंटीचा घुमट करून देऊळ होते. दुसरी करवंटी जमिनीत काठापर्यंत पुरून, भोवती खडे लावले म्हणजे विहीर होते. ज्वारीच्या धाटांचे तुकडे बाभळीच्या काट्यांनी जोडून बैलगाडी करण्याची कला आजही अनेक आजोबांच्या हातात आहे. ती त्यांच्याकडून शिकून घ्यावी. खळ्यासाठी वीतभर जागा शेणाने सारवून मध्ये तिवड्याची काडी रोवावी. ओल्या गवताच्या काड्या विणून, शेणाने लिंपून कणगी करावी. गोठा घरापासून थोडा दूर असावा व शेजारी खताचा खड्डा असावा.

पेरणी

किल्ल्यावरील हिरवळ रंगविलेल्या भुश्शाची करू नये. खरी पेरणी करावी. डोंगरउतारासाठी अळीव सर्वांत चांगला. भिजल्यावर अळिवाच्या बियांभोवती बुळबुळीत आवरण तयार होते आणि त्यामुळे उभ्या उतारावरही बी मातीला चिकटून राहते. दोन-तीन दिवसांत ते रुजते व आठवडाभरात दोन इंचांची हिरवी लव डोलू लागते. ५० ग्रॅम अळीव साऱ्या किल्ल्याला पुरतो. पायऱ्यांवर गहू व खालच्या शेतांत मोहरी आणि नाचणी पेरावी. गहू व नाचणी उगवण्यास चार-पाच दिवस लागतात, म्हणून त्यांची पेरणी आधी करावी.

बी स्वयंपाकघरातील घ्यावे. पेरणीच्या पिशवीतील रंगीत बियाण्यास बुरशीनाशक लावलेले असते. ते मुलांच्या हाती मुळीच देऊ नये.

पेरणीनंतर दोन दिवस ओल्या गोणपाटाने झाकण करावे, म्हणजे ओल टिकते व चिमण्या, कोंबड्या बी टिपत नाहीत. अंकुर दिसताच झाकण काढावे. पाणी ओतू नये. कडुनिंबाची डहाळी पाण्यात बुडवून दिवसातून दोन-तीन वेळा शिंपडावे. अधिक पाण्याने रोपे बुडाशी कुजून कोलमडतात.

दोन वाट्यांचा प्रयोग

आता या लेखातील मुख्य गोष्ट. किल्ल्याच्या एका बाजूस हातभर उतार मुद्दाम सपाट, उघडा व वरून खाली चर ओढलेला ठेवावा. दुसऱ्या बाजूस तेवढ्याच उतारावर पायऱ्या, आडवे चर व अळिवाची हिरवळ ठेवावी. दोन्हींच्या पायथ्याशी एकेक वाटी जमिनीत बसवावी. हिरवळ चांगली वाढल्यावर झारीने दोन्ही उतारांवर सारखेच पाणी सारख्याच उंचीवरून घालावे. उघड्या उताराखालील वाटी चटकन भरते व तिच्यातील पाणी गढूळ असते. हिरव्या उताराखालील वाटीत पाणी उशिरा, थोडे व पुष्कळच निवळ येते.

याचे कारण सोपे आहे. पाण्याचा थेंब उघड्या मातीवर आपटतो व कण सुटे करतो. उतारावरून वाहताना पाण्याचा वेग वाढतो आणि वेगाबरोबर माती वाहून नेण्याची शक्ती अनेक पटींनी वाढते. हिरवळ थेंबाचा मार झेलते, आडवा चर वेग मोडतो व थांबलेले पाणी मुरते.

वर सांगितलेल्या गावी पुढील वर्षी हा प्रयोग शाळेच्या अंगणात केला. त्याच गावात उन्हाळ्यात बांधबंदिस्तीची सभा घेतली होती, तेव्हा सात माणसे आली होती आणि त्यांतील दोघे सभेच्या मध्यावर उठून गेले होते. किल्ला पाहावयास मात्र सारे गाव लोटले. मुलांनी पाणी घातले आणि दोन्ही वाट्या उचलून पालकांपुढे धरल्या. एक वयस्क शेतकरी गढूळ वाटी बराच वेळ हातात धरून बसले. त्यांचे रान डोंगराच्या कुशीत, नांगरट वरून खाली. ते एवढेच म्हणाले, “हे पाणी मी दर मिरगात बघतो. त्याला मी पाऊस म्हणत होतो.” त्यानंतर त्यांनी आडवी नांगरट सुरू केली. त्यांच्या रानाला बांध पडण्यास आणखी दोन वर्षे लागली, कारण वरच्या शेजाऱ्याशी बोलणी व्हावयाची होती. परंतु बोलणी सुरू झाली ती या वाटीपासून.

उताराच्या जमिनीवर समतल बांध घालण्याचे काम आपल्याकडे जुने आहे. मुंबई प्रांतात जमीन सुधारणा योजनांचा कायदा १९४२ साली झाला. १९७२ च्या दुष्काळात हजारो हातांनी बांध व पाझर तलावांची कामे केली. पुढे राळेगणसिद्धी व हिवरे बाजार या गावांनी डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत क्रमाने पाणी अडविण्याचे फळ सर्वांना दाखविले. ‘माथा ते पायथा’ हे पाणलोट विकासाचे सूत्र अंगणातील किल्ल्यालाही तंतोतंत लागू पडते. माथ्यावरचे पाणी मोकळे सोडले तर पायथ्याचे गाव वाहून जाते. मग ते विटांचे असो वा काडेपेटीएवढ्या विटांचे.

दिवाळीत व दिवाळीनंतर

पणत्या गवताच्या छपरांपासून हातभर दूर ठेवाव्यात. किल्ल्यात फटाके पुरून तो उडविण्याची खोड काही ठिकाणी दिसून येते. त्यामुळे खडे उडून डोळ्यांना इजा होण्याचा संभव असतो, सबब तसे करू देऊ नये.

तुळशीचे लग्न झाल्यावर किल्ला मुलांकडूनच हलक्या हाताने उतरवावा. दगड व विटा धुऊन पुढील वर्षासाठी एका कोपऱ्यात रचाव्यात. शेण, भुस्सा व मुळ्या मिसळलेली ही माती परसबागेस उत्तम असते. ती फोडून वाफ्यात पसरावी व त्यात मेथी टाकावी. चुन्याने रंगविलेल्या विटा तेवढ्या बाजूला काढाव्यात.

मूल या दिवसांत माती मळते, घर बांधते, बी पेरते, पाणी अडवते आणि शेवटी माती मातीला परत देते. शेतीचे याहून संपूर्ण शिक्षण इतक्या थोड्या जागेत अन्यत्र मिळणे कठीण. म्हणून शेतकरी बंधुभगिनींनी यंदा आपल्या मुलांबरोबर घटकाभर किल्ल्यापाशी बसावे, दोन वाट्या मांडाव्यात आणि गढूळ वाटीकडे नीट पाहावे. त्यातील माती आपल्या शेतातून वाहून गेलेली नाही ना, एवढे पाहण्यासाठी पुढील पावसाळ्यात एकदा बांधावर जाऊन उभे राहिले तरी दिवाळीचा हा किल्ला सार्थकी लागला असे म्हणता येईल.